डावीकडचं मी सांगते

“घाबरायचं नाही हं, बाळ!” सायकल मंडळाच्या देवस्थळी मॅडम माझ्या कानात ओरडल्या.

बाळाचं वय तेव्हा एकोणतीस होतं आणि कान शाबूत होते. पण आंधळ्या माणसाशी बोलताना आवाज चढवायचा, हे आमच्या गावातलं जुनं शास्त्र आहे.

“नाही घाबरत!” मीही तेवढ्याच जोरात ओरडले. मॅडम दचकून मागे सरल्या असाव्यात, कारण अत्तराचा वास एकदम कमी झाला.

चिपळूणच्या मैदानावर सकाळपासून लाउडस्पीकर कोकलत होता. उत्कर्ष सायकल मंडळातर्फे अपंग बांधवांच्या मदतीसाठी चिपळूण ते कराड सायकल फेरी. तेव्हा आम्ही अपंगच होतो. दिव्यांग पुढे झालो. बढती मिळाली, काम तेच राहिलं. फेरीत व्यापारी होते, डॉक्टर होते, वकील होते, आणि अपंग बांधव म्हणाल तर मी एकटी. फेरी आमच्यासाठी आणि फेरीत आमच्यातलं कोणीच नाही, हे पत्रकावर बरं दिसेना, म्हणून महिनाभर आधी मला शोधून काढलेली.

माझ्यासाठी एक जोडसायकल आणली होती. दोन माणसांची, लांबलचक. पुढच्याकडे हँडल, ब्रेक आणि मान. मागच्याकडे नुसती पॅडलं. दोघांची पॅडलं एकाच साखळीला जोडलेली, त्यामुळे पुढच्याचा पाय फिरला की मागच्याचाही फिरणार, आणि एकानं अंग चोरलं की दुसऱ्याला लगेच कळणार. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे लग्नच की गो.”

पुढे बसणार होते मंडळाचे अध्यक्ष मुकुंदशेठ ओतारी. बाजारपेठेत त्यांचं भांड्यांचं भलंमोठं दुकान. पन्नाशी उलटलेली, वजन भरपूर आणि मान त्याहून जास्त. या फेरीसाठी त्यांनी मुंबईहून अंगाला चिकटणारे कपडे आणि काळाभोर गॉगल मागवला होता. गॉगल ढगाळ हवेतसुद्धा उतरत नसे, असं मला सगळ्यांनी सांगितलं. कपड्यांबद्दल कोणी सांगत नसे, नुसतेच फिदीफिदी हसत. आपल्याला दिसत नाही याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा झाला.

महिनाभर आम्ही मैदानावर सराव केला होता. त्या महिन्यात शेठनी एक बकरी, एक पाण्यानं भरलेली बादली आणि एक विजेचा खांब यांना धडक दिली. तिन्ही डाव्या अंगाला. शेठ दर वेळी म्हणायचे, “मध्येच आलं!” खांबसुद्धा मध्येच आला. मोठ्या माणसांना रस्ता आपल्या बापाचा वाटतो, तो असा, असं मी मनात म्हटलं. दमले की शेठ गवतावर बसत आणि भलतेच प्रश्न विचारत. कपात चहा किती भरला ते कसं कळतं? जिना संपला हे पायाला कळतं की हाताला? सकाळी उठल्यावर तोंड धुवायला जावंसं वाटतं का? श्रीमंत माणूस, रिकामा वेळ आहे, विचारतोय, म्हणून मी उत्तरं देत होते.

खरं सांगायचं तर मला ना मंडळाशी देणंघेणं होतं, ना बांधवांशी. मला कुंभार्ली घाट चढायचा होता.

त्याचं असं झालं. पुण्याला टेलिफोन ऑपरेटरच्या शिक्षणाला माझं नाव लागलं होतं. राहायची सोय होती, पुढे नोकरीची आशा होती. आई हो म्हणेना. आमचं किराणा दुकान. मी गल्ल्याशेजारी बसून शेंगदाण्यांच्या पुड्या बांधायची. आईचं एकच पालुपद: “इथं काय कमी आहे गो तुला? तिथं एकटी कुठे धडपडशील?” त्यात मुकुंदशेठ मला फेरीला मागायला दुकानात आले.

“ही?” आई हसायलाच लागली. “अहो शेठ, ही एसटीत बसून गेली तरी घाटात ओकते. ही काय सायकलनं जाते!”

मी लगेच म्हटलं, “चढले तर पुण्याला जाऊ देशील?”

“चढ गो बाय, चढ. पायांनी चढ, टेम्पोत न बसता. आणि शेठ मला येऊन सांगू देत की पमी चढली. मी माझ्या हातानं तुझी पेटी भरीन.”

सूर्य पश्चिमेला उगवला की तुला सोन्याच्या पाटल्या, अशा चालीवर आई हे बोलली. पण बोलली ती शेठच्या देखत. मला तेवढं पुरे होतं.

तर निघालो. चिपळूण सुटल्यावर पहिल्याच गावात सत्कार. पुढच्या गावात सत्कार. आमच्याकडे सत्काराशिवाय पान हलत नाही. शाल, नारळ, दोन शब्द, आणि ते दोन शब्द संपेपर्यंत पाय आंबून जातात. एका गावात वडापावही होते, म्हणून मंडळ तिथंच रेंगाळलं. मॅडम टेम्पोनं पुढे निघून गेल्या. शेठना वडा चालत नव्हता आणि मला घाटाची घाई होती, म्हणून घाटाखालच्या गावात आम्ही दोघंच आधी पोचलो.

मांडव घातलेला, बँजो तयार. आम्ही उतरलो. ठरल्याप्रमाणे मी शेठच्या कोपराला धरलं. शेठनी एक पाऊल टाकलं आणि मांडवाच्या पायरीला अडखळून धाडकन गुडघ्यावर आले. मी कोपर घट्ट धरलेलं, म्हणून तोंडावर पडायचे वाचले.

“अरे धरा, धरा त्यांना!” सरपंच ओरडले. “जपून दादा, पायरी आहे. आता दुसरी. हां. बसा, खुर्ची मागंच आहे.”

दोघातिघांनी शेठना अलगद उचलून खुर्चीत बसवलं. मला कोणी विचारलं नाही. मी मांडवाच्या दोरीला धरून उभी राहिले. आणि मग सरपंचांचं भाषण सुरू झालं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“डोळ्यांनी दिसत नाही, तरी हा माणूस सायकलवरून घाट चढायला निघालाय! आणि त्यांना इथवर सुखरूप घेऊन आलेल्या या ताई! टाळ्या!”

काळा गॉगल, ठेचकाळणं आणि एका बाईनं धरलेलं कोपर. गावानं हिशेब मांडला आणि चोख मांडला. शाल शेठना, नारळ शेठना. मला एक गुलाबाचं फूल. आता शेठ उसळतील, अध्यक्ष कोण ते सांगतील, म्हणून मी ओठ आवळून वाट बघत होते. शेठ काहीच बोलले नाहीत. एक म्हातारी पुढे आली. तिच्या बांगड्या वाजल्या त्यावरून तिनं शेठच्या तोंडावरून हात फिरवला असावा.

“लेकरा, जन्मापासून का रे, का मधीच?”

“मधेच, आजी,” शेठ हळूच म्हणाले.

मला इतकं हसू फुटलं की मी फूल तोंडात कोंबलं. काय नट होता माणूस! गावाची चूक गावाच्या पदरात टाकायची नाही म्हणून केवढं नाटक!

पुन्हा रस्त्याला लागल्यावर मी मागून विचारलं, “काय शेठ, जन्मापासून की मधेच?”

शेठनी पॅडल जोरात मारायला घेतलं. साखळी तेवढी करकरत राहिली.

घाटाच्या पायथ्याशी पोचलो तर दोन टेम्पो घरघरत उभे. मागून मंडळही येऊन पोचलं. धडाधड सायकली वर चढवल्याचे आवाज यायला लागले. मी विचारलं, काय चाललंय?

“घाट आपण टेम्पोनं चढतो ग,” देवस्थळी मॅडम ओरडल्या. “वर गेलं की सायकली काढायच्या, फोटो काढायचा, की पुढे उतार. दर वर्षी हीच पद्धत आहे.”

“आणि लोकांना सांगायचं, सायकलनं चढलो?”

“आपण कुठे सांगतो? लोकच म्हणतात.”

महिनाभर मांड्या भरून येईपर्यंत पॅडल मारलं ते कशासाठी? टेम्पोत बसून शेंगदाण्यांच्या पुड्यांकडे परत जायला?

“मी टेम्पोत बसणार नाही,” मी म्हटलं.

“बाळ, असा हट्ट नाही करायचा.”

“शेठ, आपण चढू.”

“पमे, राहू दे,” शेठ म्हणाले. “घाट म्हणजे मैदान नाही. मला नाही जमायचं.”

मी त्यांचं कोपर शोधलं, त्यांना चार पावलं बाजूला ओढलं आणि अगदी गोड आवाजात म्हटलं, “कराडच्या सत्कारात माइक माझ्या हातात देणार आहात ना? मग खालच्या गावात आंधळा म्हणून कोणाला शाल घातली ते सांगते. तुम्ही म्हातारीला काय उत्तर दिलंत तेही सांगते. बाजारपेठ दिवाळीपर्यंत हसेल.”

शेठ गप्प झाले. फार वेळ गप्प झाले. नुसती फजिती होईल म्हणून घाबरलेला माणूस एवढा वेळ गप्प राहत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

“चल,” ते म्हणाले. मग मॅडमना मोठ्यानं सांगितलं, “तुम्ही व्हा पुढे. आम्ही येतो.”

मॅडमनी “वेडेपणा आहे” असं टेम्पोत चढता चढता पाचसहा वेळा म्हणून घेतलं. टेम्पो गेले. मग नुसता घाट आणि आम्ही.

पहिली वळणं बरी गेली. शेठ घोड्यासारखे फुसफुसत होते, पण पाय खरे मारत होते; माझ्या पायांना कळत होतं. उतरायचं नाही, हे मी आधीच बजावलं होतं. दम लागला की एक पाय टेकून उभं राहायचं, पाणी प्यायचं, पुन्हा निघायचं. एसटी शेजारून गेली की गरम धूर अंगावर यायचा आणि खिडकीतून कोणीतरी शिट्टी मारायचं. ती माझ्यासाठी होती की शेठच्या कपड्यांसाठी, ते काही सांगता येत नाही.

मग एका वळणानंतर वारा एकदम डावीकडून लागायला लागला. गार, मोकळा वारा, मध्ये काही आडवं नाही असा. म्हणजे दरी त्या अंगाला आली. आणि मी हा विचार करतेय तोवर चाकाखाली डांबराचा आवाज थांबून खडी वाजायला लागली. वारा जवळ यायला लागला.

“शेठ! शेठ, उजवीकडे! अहो दरी आहे!”

ब्रेक करकचून लागला. सायकल आडवी झाली, माझा गुडघा शेठच्या पाठीत बसला. एक दगड घरंगळला आणि खाली कितीतरी वेळ वाजत गेला. मी हातानं चाचपडलं. मैलाचा दगड नाही, कठडा नाही, काहीच नाही.

“झोपलात काय हो?” माझा आवाज चिरकला.

शेठ खाली बसले असावेत. त्यांचा आवाज खालून आला.

“पमे, मला डावीकडचं दिसत नाही.”

“म्हणजे?”

“काचबिंदू. वर्ष झालं. समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. डावीकडचं गेलं, उजवीकडचं जातंय. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही.”

बकरी, बादली, खांब, मांडवाची पायरी. सगळी एका रांगेत येऊन माझ्यासमोर उभी राहिली. आणि “मधेच, आजी.”

मी जी भडकले ती भडकले. “आणि हे माहीत असून मला मागे बसवलंत? माझ्या आईनं तुमच्या भरवशावर पाठवली मला! लाज नाही वाटली? मेले असते म्हणजे? मंडळाला एक आंधळा कमी पडत होता, म्हणून जोडी लावलीत?” मी रडत होते आणि ओरडत होते, सगळं एकदम.

मी दमल्यावर विचारलं, “घरी माहीत आहे?”

“नाही. तुलाच पहिलं सांगतोय.”

“का?”

“तुला दुकानात बघायचो. रोज उठतेस, वेणी घालतेस, गिऱ्हाइकाला टोमणे मारतेस. मला तर उद्या उठावंसं वाटत नाही. म्हटलं, महिनाभर हिच्याबरोबर बसलो तर समजेल, कसं जगतात ते.”

“पुढे बसून मागचं कसं समजेल हो?” मी म्हटलं.

शेठ रडायला लागले. पन्नाशीचा माणूस, घाटात, चिकट कपड्यात, हुंदके देऊन. मला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर ओतली तीच होती ना ती.

“टेम्पो बोलावतो,” ते नाक पुसत म्हणाले. “मोबाइलला इथं रेंज आहे.”

टेम्पो आला असता. मॅडम “तरी मी म्हणत होते” म्हणाल्या असत्या. मी सुखरूप वर गेले असते, सुखरूप घरी गेले असते आणि मरेपर्यंत सुखरूप पुड्या बांधल्या असत्या.

“ठेवा तो मोबाइल,” मी म्हटलं. “समोरचं दिसतं ना?”

“दिसतं.”

“मग समोरचं तुम्ही बघा. डावीकडचं मी सांगते.”

“पमे, वेडी आहेस का?”

“आहे. बसा.”

बसलो. तसंही आमचा वेग पाहता शेजारून गोगलगाय पुढे गेली असती. वारा डावीकडून मोकळा आला की मी म्हणायची, “उजवीकडे सरका.” खडी वाजली की, “अजून थोडं.” डावीकडे डोंगर आला की साखळीचा आवाज भिंतीवर आपटल्यासारखा परत यायचा, मग म्हणायची, “आता निवांत.” दोघांत मिळून एक डोळा आणि दोन कान चालत होते. अनेक मंडळं एवढ्यावरही चालत नाहीत.

शेवटच्या वळणांवर माझ्या पायांना अचानक जड लागलं. शेठचे पाय नुसते फिरत होते.

“अंग चोरू नका हो, भांडीवाले!”

“चोरत नाही ग. संपलो.”

ती वळणं मी ओढली. कशी ओढली मला विचारू नका. मांड्यांना आग लागली होती, तोंडात रक्ताची चव आली होती, आणि मी मोठमोठ्यानं आईचे शब्द म्हणत होते, दर फेऱ्याला एक: पेटी, भरीन, पेटी, भरीन. पुढे शेठ, रस्ता जेवढा दिसत होता तेवढा सांगत होते: “वळण आलं. संपलं. अजून एक. पमे, माकडं बसलीत. पमे, बॅनर दिसतोय!”

माथ्यावर टाळ्या झाल्या. मंडळ टेम्पोतून उतरून सायकली धरून उभं होतं. फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, ते माझ्या दादानं वाचून दाखवलं: दृष्टिहीन भगिनीला घाटमाथ्यावर नेणारे मुकुंदशेठ ओतारी. नेणारे! कराडच्या सत्काराचं सांगत नाही. सगळे सत्कार सारखेच. माइक हातात आला तेव्हा मी “धन्यवाद” म्हटलं आणि परत दिला.

चार दिवसांनी शेठ आमच्या दुकानात आले. पायरीपाशी थबकले. मी म्हटलं, “दोन आहेत.” ते चढून आले.

आई पुढ्यातली तराजू बाजूला करून म्हणाली, “शेठ, देवाशपथ खरं सांगा. टेम्पोत बसली ना?”

“नाही, वहिनी.”

“मग तुम्ही ओढलीत. पेपरात आलंय. ही मागे नुसती बसली असेल पाय फिरवत.”

पेपरात नाव छापून आलेलं, गल्लीत मान वाढलेला. शेठनी नुसतं “नाही हो” म्हटलं असतं तर आईनं तो मोठ्या माणसाचा विनय धरला असता आणि मी घरीच राहिले असते.

“शेवटची वळणं मी संपलो होतो, वहिनी. हिनं ओढलं.”

“तुम्ही पुढे. तुम्हाला मागचं काय दिसणार?”

“पायांना कळतं, वहिनी. आणि दिसण्याचं म्हणाल, तर मला पुढचंही धड दिसत नाही.” मग शेठनी सगळं सांगितलं. काचबिंदू, डावी बाजू, खडी, दरी, सगळं. भर दुकानात, गिऱ्हाइकं उभी असताना, घरच्यांच्या आधी बाजारपेठेला.



मग आईच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! “अहो, तुम्हाला माणूस म्हणू की काय म्हणू? माझी पोर दरीत घालत होतात? डोळस माणूस बघून सोपवली मी तिला! चांगला डोळस बघून! आणि तो असा निघाला!” बोलता बोलता तिचा आवाज फुटला. तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की निळा पडला असावा. “जा गो पमे. जा पुण्याला. डोळसांच्या हाती देऊन काय मिळालं? त्यापेक्षा तू एकटीच बरी.”

 

शेठनी पिशवीतून काहीतरी मऊ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “ती शाल,” ते म्हणाले. “चुकून माझ्याकडे आली. सत्कार तुझा होता.”

मी ती घडी हातानं चापूनचोपून नीट केली आणि परत त्यांच्या हातात दिली.

“ठेवा शेठ. सरपंचांनी माणूस बरोबर ओळखला होता.”

मग शेठ असे खो खो हसले की बाहेरची गिऱ्हाइकंही हसायला लागली, कशाला ते माहीत नसताना. आई आत माळ्यावरून पेटी ओढत होती आणि पेटीच्या नावानं बोटं मोडत होती.

पुण्याच्या एसटीत बसवताना आईनं माझ्या एका हातात लिंबू दिलं आणि दुसऱ्या हातात पिशवी. घाटात वारा डावीकडून मोकळा आला तेव्हा मी वळण ओळखलं, मान ताठ केली आणि पिशवीत ओकले.